पोर्टेबल हार्ड डिस्क: स्पीड पाहू का भरवसा? दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

माझं यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान आहे, बाजूला फोटो स्टुडिओ अन् समोर सेतू केंद्र, त्यामुळे हार्ड डिस्क हातात घेऊन आलेला माणूस दिवसातून दोनदा तरी दिसतेच. प्रश्न तेच तेच. सांगून सांगून तोंड दुखून राहिलं म्हणून एकदाचं लिहून काढलं, आता कोणी विचारलं की हेच पाठवून देतो.

भाऊ, एका वाक्यात सांगा, फास्ट घेऊ का टिकाऊ घेऊ?

त्या डिस्कवर रोज काम करणार असाल, म्हणजे व्हिडिओ तिच्यावरच ठेवून एडिट करणार, तर एसएसडी (आत काहीच न फिरणारी, चिपवाली डिस्क) घ्या, अन् फक्त कॉपी करून कपाटात ठेवणार असाल तर साधी फिरणारी हार्ड डिस्क घ्या, पण दोन घ्या. झालं एक वाक्य. आता त्या "दोन" वर लोक अडतात. एकाच डिस्कवर भरवसा ठेवायचा असेल तर मग ती दोन हजाराची असो की वीस हजाराची, माझ्या मते तो भरवसा नाही, नशीब आहे. स्पीड पैसे देऊन मिळते, टिकणं मात्र दुसऱ्या कॉपीतूनच येते, अन् हे मी काही पुस्तकात वाचून सांगून नाही राहिलो.

डब्ब्यावर तं ५ जीबीपीएस लिहून हाय, मंग कॉपी रांगत काहून चालते?

कारण तो आकडा डिस्कचा नाही, यूएसबीच्या रस्त्याचा आहे. समृद्धी महामार्गावर बैलगाडी सोडली म्हणून ती काही नागपूरहून दुपारपर्यंत शिर्डीला पोचत नाही. आतली २.५ इंची डिस्क साधारण मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते अन् सलग मोठी फाइल असेल तर सेकंदाला १०० ते १४० एमबी देते, ते पण रिकामी असताना. भरत आली की डेटा आतल्या बाजूच्या गोलांवर जाते, तिथं घेर लहान, एका फेरीत कमी मावते, अन् वेग जवळपास अर्ध्यावर येते. ती खराबी नाही, तिचा स्वभाव आहे.

अन् ५ जीबीपीएस म्हणजे यूएसबी ३.०, ह्याचंच नाव मग ३.१ जेन १ केलं, मग ३.२ जेन १ केलं, वस्तू तीच. बारसं करणाऱ्यांना हौस दिसते. साध्या हार्ड डिस्कला हा रस्ता आधीच तिप्पट-चौपट रुंद पडते, म्हणून डब्ब्यावर "३.२" पाहून जास्तीचे पैसे मोजू नका. टाइप-सी पण तसंच, तो फक्त तोंडाचा आकार आहे, त्याच्यावरून वेग कळत नाही.

माही तं ३० च्या वर जातच नाही, १०० सोडा.

केबल दाखवा. दहातल्या निम्म्या वेळी इथंच उत्तर सापडते. बऱ्याच पोर्टेबल हार्ड डिस्कला ते रुंद, मधून खाच असलेलं दोन तुकड्यांचं तोंड असते ना, त्याच्या मोठ्या अर्ध्यात जुन्या मोबाइलच्या चार्जरची मायक्रो यूएसबी केबल बरोबर बसते, अन् डिस्क चालू पण होते! ओरिजिनल केबल हरवली की पोट्टे हेच करतात. पण मग ती यूएसबी २.० वर चालते, तिथं सेकंदाला ३०-४० एमबीच्या वर मिळत नाही, कितीही महागाची डिस्क असो.

केबल बरोबर असेल तर पोर्ट पाहा. जुन्या कॉम्प्युटरला काळं पोर्ट २.० चं अन् निळं ३.० चं असते बहुतेक वेळा. कॅबिनेटच्या समोरच्या पोर्टपेक्षा मागचं बरं, समोरच्याला आतून एक लांब पातळ वायर जाते अन् तिथं करंट कमी पडते. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देते, ३.० चं ९००, अन् डिस्कची मोटर सुरू होताना तिला सगळ्यात जास्त करंट लागते. करंट कमी पडला की डिस्क सुरू होते, बंद होते, सुरू होते, बंद होते, अन् माणूस म्हणते डिस्क गेली. डिस्क नाही गेली, उपाशी आहे.

लग्नाचा २०० जीबी डेटा असते, एसएसडी घेतली तर वेळ किती वाचते?

हा हिशोब मी शेजारच्या स्टुडिओवाल्यासोबत चहावर केला होता. यूएसबी २.० वरून दीड तासाच्या वर. साध्या हार्ड डिस्कवर ३.० नं अर्धा तास. सेकंदाला ४५० एमबी लिहिणाऱ्या एसएसडीवर साडेसात मिनिटं. हे ऐकून तो लगेच ऑर्डर करायला निघाला होता, मी म्हटलं थांब बाप्पा, डेटा येते कुठून?

येते कॅमेऱ्याच्या कार्डातून. साधं यूएचएस-१ कार्ड वाचताना सेकंदाला ९० एमबीच्या आसपास देते, म्हणजे २०० जीबी कार्डातून निघायलाच ३७ मिनिटं लागतात, मग पुढं एसएसडी असो की हार्ड डिस्क, फरक जवळपास शून्य. नळाला पाणीच बारीक असेल तर मोठा ड्रम ठेवून भरणं लवकर होत नाही. एसएसडीचा फायदा नंतर, एडिटिंगला, टाइमलाइन मागं-पुढं ओढताना, तिथं मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे अन् जो रोज एडिट करते त्यानं कंजुषी करू नये.

सेतू केंद्रवाल्यांचं गणित वेगळं. त्यांच्याकडं ५० केबीच्या, २०० केबीच्या हजारो फाइली, सातबारा, दाखले, फोटो-सह्या. फिरणाऱ्या डिस्कचा हेड, म्हणजे आतला वाचणारा-लिहिणारा काटा, प्रत्येक फाइलसाठी उठून दुसरीकडं जाते, दरवेळी १०-१५ मिलिसेकंद जातात, त्यामुळे वेग २-३ एमबीवर पण येते. त्याला उपाय म्हणून एसएसडी घ्यायची गरज नाही, महिन्याच्या फोल्डरची एक झिप करा अन् ती कॉपी करा.

सुरुवातीला १२० नं पळते अन् मंग १५ वर येऊन बसते. डिस्क खराब हाय का?

नाही. बहुतेक ती एसएमआर आहे, अन् आजकालच्या १ टीबी, २ टीबीच्या बहुतेक पोर्टेबल डिस्क एसएमआरच आहेत, डब्ब्यावर मात्र कुठं लिहून नसते.

आपल्या जुन्या घरावरचे कवेलू आठवा. एकावर एक चढवलेले, त्यामुळे थोड्या जागेत छप्पर झाकलं जाते. एसएमआर म्हणजे डेटाच्या पट्ट्या अशाच एकावर एक थोड्या चढवून लिहिणं, तेवढ्याच पत्र्यावर जास्त माल मावते. पण मधलं एक कवेलू फुटलं तर? वरचे उचलावे लागतात, ते बदलावं लागते, परत वरचे रचावे लागतात. डिस्कचं तेच होते. म्हणून ती आधी डेटा एका मोकळ्या जागेत घाईघाईनं टाकून ठेवते अन् निवांत झाली की नीट रचत बसते, ती मोकळी जागा भरली की तुमच्यासमोरच रचणं सुरू होते अन् वेग पडते. भरून-पुसून-भरून वापरलेल्या डिस्कवर हे जास्त दिसते.

कॉपी संपल्यावर पण लाइट लुकलुकते, हात ठेवला तर आत घरघर लागते, लोक घाबरतात, व्हायरस आहे का विचारतात. ती रचून राहिली. अर्धा तास तशीच जोडून ठेवा. एसएमआर म्हणजे कच्ची डिस्क असं माझं म्हणणं नाही, बॅकअपला ती चांगली आहे, पण ती हळू झाली की माणूस चिडून मधातच केबल ओढते, अन् नुकसान तिथं होते.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणजे ती खराब होतच नाही ना?

पडल्यानं सहसा नाही होत, हे खरं. पण मरते, अन् मरताना सांगत नाही. फिरणारी डिस्क बहुतेक वेळा आधी कण्हते, हळू होते, टकटक करते, म्हाताऱ्या माणसासारखी कुरकुर करत जाते, एसएसडी म्हणजे रात्री जेवून झोपला अन् सकाळी उठलाच नाही. २०२३ मध्ये एका नामांकित कंपनीच्या महागड्या पोर्टेबल एसएसडी अचानक बंद पडून आतलं सगळं गेल्याच्या तक्रारी आल्या, कंपनीला फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलावं लागलं. तेव्हा महाग म्हणजे पक्की असंही धरून चालू नका.

दुसरं, एसएसडीवरून चुकून डिलीट झालेलं परत काढणं लय अवघड, ट्रिम नावाची सोय चालू असेल तर ती पुसलेली जागा आतून साफ करून टाकते. फिरणाऱ्या डिस्कवर मी लोकांचे पुसलेले फोटो कितीदा काढून दिले.

तिसरं ते कपाटाचं. एसएसडीत डेटा म्हणजे बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेला विजेचा भार, अन् वीज न देता वर्षानुवर्षं ठेवली तर तो झिरपते, उष्णतेत लवकर झिरपते. जेडेक नावाची संस्था चिपच्या मेमरीचे नियम ठरवते, तिच्या नियमाप्रमाणे घरगुती वापराच्या एसएसडीनं पूर्ण झिजल्यानंतर बंद अवस्थेत ३० डिग्रीला १ वर्ष डेटा धरला पाहिजे. नवी, कमी वापरलेली यापेक्षा कितीतरी जास्त धरते, उगाच भ्यायचं कारण नाही. पण ३० डिग्री, अन् आपल्याकडं मे महिन्यात टिनाच्या खोलीतलं कपाट किती डिग्रीला असते ते तुम्हाला माहीत आहे. मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ एकट्या एसएसडीवर टाकून पेटीत दहा वर्षं ठेवायचा, हे मी कोणाला सांगणार नाही. ठेवलीच असेल तर दर सहा महिन्यांनी काढून तासभर जोडा अन् फाइली उघडून पाहा.

अन् हो, एसएसडीचा पण वेग पडते. स्वस्तातल्या क्यूएलसीवाल्या (एकेका कप्प्यात जास्त डेटा कोंबणाऱ्या) एसएसडीला सुरुवातीचे काही जीबी भरभर घ्यायला एक कॅश असते, ती भरली की काही काही तर फिरणाऱ्या डिस्कच्याही खाली येतात. जाहिरातीतला सेकंदाला १०५० एमबी हा आकडा त्या पहिल्या काही मिनिटांचा समजा.

फिरणारी डिस्क खरंच इतकी नाजूक असते का?

आतल्या थाळीची कड ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास पळते, आपल्या एसटीच्या वेगानं, अन् तिच्यावर हेड काही नॅनोमीटर वर तरंगते, केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातल्या एकाएवढ्या फटीत. चालू असताना टेबलवर जोरात आपटली तरी हेड थाळीला टेकू शकते. बंद असताना हेड बाजूला पार्क झालेला असते, तेव्हा ती कितीतरी जास्त झटका सहन करते.

माझ्याच हातून झालेलं सांगतो. मे महिना, रात्रीचे साडेदहा, आर्णीकडच्या एका लग्नाचा डेटा माझ्या घरी डिस्कवरून लॅपटॉपवर कॉपी होत होता, लॅपटॉप पलंगावर अन् डिस्क बाजूच्या प्लास्टिकच्या स्टुलावर, असेल दीड-दोन फूट उंच. कूलरमधलं पाणी संपलं म्हणून मी उठलो, कूलरचं स्टँड चाकाचं, बाजूला सरकवलं अन् त्याचा कोपरा केबलमध्ये अडकला. डिस्क खाली पडल्याचा आवाज काही मोठा नव्हता, टाकीच्या झाकणाएवढाच. मग तिच्यातून टिक, टिक, टिक, मग मोटर थांबली, परत सुरू, परत टिक टिक. मी पाण्याची बादली हातात घेऊन तसाच उभा. कार्डं आदल्या संध्याकाळी फॉरमॅट करून पुढच्या ऑर्डरवर गेलेली. नागपूरच्या एका रिकव्हरीवाल्याला विचारलं तर त्यानं जो आकडा सांगितला तो त्या लग्नाच्या पूर्ण ऑर्डरपेक्षा जास्त होता, अन् मिळेलच याची गॅरंटी नाही. नवरीची आई दुकानात आली, भांडली नाही, एवढंच म्हणे, "दादा, हळदीत माही माय नाचली होती, तेवढं तरी पाहा ना." ते नाही मिळालं. व्हॉट्सॲपवर कोणाच्या तरी मोबाइलचं बारा सेकंदाचं सापडलं, धुरकट.

त्या दिवसापासून डिस्क जमिनीवर, चटईवर ठेवूनच कॉपी करतो. गिऱ्हाईक हसते, हसू दे.

आपल्या उन्हाळ्यात डिस्कला काय होते?

बऱ्याच पोर्टेबल हार्ड डिस्कच्या कागदावर चालू असतानाचं तापमान ५ ते ३५ डिग्री लिहिलेलं असते. चंद्रपूर, ब्रम्हपुरी, अकोला, आपलं यवतमाळ, कुठंही घ्या, मे महिन्यात दुपारी ३५ डिग्री सावलीत तरी सापडते का? म्हणजे आपण कंपनीच्या हिशोबाबाहेर दोन-तीन महिने डिस्क चालवतो. लगेच मरत नाही, पण मोठी कॉपी सकाळी सहाला किंवा रात्री लावा. एसएसडीला जास्त गर्मी चालते, काही ६० डिग्रीपर्यंतच्या असतात, फक्त तापली की स्वतःच वेग कमी करून घेते.

स्कूटीच्या डिक्कीत डिस्क ठेवून उन्हात गाडी लावू नका, एवढं एक ऐकलं तरी पुष्कळ. कूलरच्या थेट झोतात पण नको, ओल असते. जिनिंगजवळ घर असेल तर कापसाचा बारीक फुफाटा सगळीकडं बसते, तोंडात जाते, केबल सैल बसते, तेव्हा डिस्क वापरात नसताना चेनच्या पाकिटात. डिस्कला रबरी कव्हर घालून वरून प्लास्टिक गुंडाळणारे पण पाहिलेत मी, चालू असताना तिला थोडा श्वास घेऊ द्या.

कोणती कंपनी चांगली?

जगात फिरणाऱ्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या आता तीनच कंपन्या उरल्या, सीगेट, वेस्टर्न डिजिटल अन् तोशिबा. बाकी कोणत्याही नावाचं, कितीही जाड रबराचं कव्हर असो, आत ह्या तिघांपैकीच एकाची डिस्क. "अमक्याची माही गेली म्हणून ती कंपनी बेकार" असं प्रत्येकजण आपल्या एका डिस्कवरून सांगते, अन् तिन्ही कंपन्यांबद्दल सांगणारे माझ्या दुकानात एकाच दिवशी येऊन गेलेले आहेत.

बॅकब्लेझ नावाची अमेरिकेतली बॅकअप कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या डिस्क किती मेल्या त्याचे आकडे छापते. २०२३ साली त्यांच्या दोन लाखांवर डिस्कमध्ये वर्षाला १.४ टक्के मेल्या, शंभरातली दीड म्हणा. पण त्या ३.५ इंची मोठ्या डिस्क, थंड खोलीत, जागेवरून न हलणाऱ्या. आपली डिस्क बॅगेत बसून पुसद-दिग्रस करते, तिचा आकडा तोच राहील असं कोण म्हणेल. कंपनीपेक्षा मॉडेल, मॉडेलपेक्षा वापर.

एक गोष्ट मात्र विचारून घ्या. बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड सरळ आतल्या सर्किटवरच असते, म्हणजे तोंड तुटलं की डिस्क काढून दुसऱ्या केसिंगमध्ये (बाहेरच्या डब्बीत) टाकता येत नाही. ज्यात साधी साटा डिस्क (लॅपटॉपमध्ये बसते तशी) केसिंगमध्ये बसवलेली असते ती रिपेरिंगवाल्याच्या दृष्टीनं सोन्यासारखी.

जुन्या लॅपटॉपची डिस्क केसिंगमध्ये टाकून वापरू का?

पिक्चर, गाणे, डीजेचा माल नेण्यासाठी वापरा. जे हरवलं तर रडू येईल ते तिच्यावर नको.

१ टीबी घेतली अन् ९३१ जीबीच दिसते, दुकानदारानं हाणलं?

नाही हाणलं. कंपनी १००० नं मोजते अन् विंडोज १०२४ नं, तेवढाच फरक.

ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी हजार रुपयात भेटून राहिली, घेऊ?

इथं मात्र हाणलं. आत एक लहानसं मेमरी कार्ड चिकटवलेलं असते अन् त्याला खोटं बोलायला शिकवलेलं असते की मी १६ टीबीचा आहे. कॉपी होते, नावं दिसतात, फाइल उघडली की उघडत नाही, कारण खरी जागा संपल्यावर तो जुन्यावरच लिहीत गेला किंवा हवेत लिहीत गेला. मी एक फोडून पाहिली, वजन यावं म्हणून आत लोखंडाचा तुकडा ठेवला होता. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क भरून परत वाचून पाहते, नवी डिस्क घेतली, मग ती कोणतीही असो, की पहिल्या दिवशी रात्रभर ते लावा. खोटी असेल तर उघडी पडते, अन् खरी पण कच्ची असेल तर दुकानदार परत घेते तोवरच कळते.

"सेफली रिमूव" खरंच करावं लागते का? मी तं कधीच नाही करत.

विंडोज १० मध्ये २०१८ च्या १८०९ अपडेटपासून बाहेरून जोडलेल्या डिस्कसाठी "क्विक रिमूव्हल" (न सांगता केबल काढली तरी डेटा सहसा वाचावा अशी सोय) आपोआप चालू असते, म्हणून तुमचं आजवर निभावलं. फिरणाऱ्या डिस्कला तरी करा. नीट काढली की हेड हळूच पार्क होते, झटक्यात वीज गेली की त्याला घाईत उडी मारावी लागते, अन् अशा उड्यांची पण एक मर्यादा असते.

डेस्कटॉपवर बॅकअप घेताना लाईन गेली तर हेच होते, त्यामुळे ज्याच्याकडं यूपीएस नाही त्यानं बॅकअप लॅपटॉपवरून घ्यावा. फॉरमॅटचा, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीचा, पण संबंध आहे, एक्सफॅट सगळीकडं चालते पण त्यात अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद ठेवायची सोय नाही, एनटीएफएसमध्ये आहे, म्हणून फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस. फॅट३२ मध्ये ४ जीबीच्या वरची फाइल जातच नाही, तेव्हा "डिस्कमध्ये जागा हाय पण पिक्चर जाऊन नाही राहिला" याचं उत्तर ते.

टकटक आवाज येते / "फॉरमॅट करायचं का" असं विचारते. काय करू?

फॉरमॅटला नाही म्हणा, आधी नाही म्हणा, मग बाकीचं. आवाज येत असेल तर केबल काढा अन् परत परत जोडून पाहू नका, प्रत्येक वेळी हेड थाळीला खरडू शकते. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरून राहिला, नका ठेवू, आत पाणी सुटते. विंडोजचं चेकडिस्क पण लावू नका, ते फाइलींची मांडणी दुरुस्त करते, मरत्या डिस्कला मात्र पळवून पळवून मारते. आवाज नाही पण डिस्क हळू झाली असेल तर कामाच्या फाइली आधी काढा, पिक्चर नंतर. लोक उलटं करतात, ए टू झेड सगळं सिलेक्ट करून कॉपी लावतात अन् "ए" मध्ये ॲक्शन पिक्चर निघते.

डिस्कची तब्येत घरीच पाहता येते का?

येते. क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट आहे. निळा चौकोन म्हणजे बरं, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे उरका. फिरणाऱ्या डिस्कच्या यादीत ०५, सी५ अन् सी६ या तीन ओळींपुढचे आकडे शून्य असले म्हणजे छान, ०५ म्हणजे खराब झालेल्या जागा तिनं बदलून घेतल्या, सी५ म्हणजे काही जागांवर तिचा संशय आहे. सी५ दर आठवड्याला वाढून राहिला असेल तर माल हलवा. सी७ वाढत असेल तर डिस्क नाही, बहुतेक जोडणीचा दोष, केबलपासून तपासा. तरी सगळं निळं असूनही डिस्क मेलेली मी पाहिली आहे, तेव्हा निळ्याला सर्टिफिकेट समजू नका.

वॉरंटी ३ वर्षाची हाय, मंग टेन्शन काय?

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते. फोटो बदलून मिळत नाहीत.

मंग सगळं क्लाउडवरच टाकलं तं?

कागदपत्रं, निवडक फोटो जरूर टाका. पण आपल्याकडं अपलोडला खरोखरचे १० एमबीपीएस सलग मिळाले असं धरलं तरी १ टीबी चढवायला नऊ दिवसांच्या वर लागतात, रात्रंदिवस, लाईन न जाता. जमत असेल तर करा.

दोन डिस्क परवडत नाही भाऊ.

हे सगळ्यात जास्त ऐकतो. अन् म्हणणारा माणूस नेमकी १ टीबीची महागातली एसएसडी हातात घेऊन उभा असते, फक्त बॅकअपसाठी! तिच्या पैशात दोन साध्या हार्ड डिस्क बसतात का ते काउंटरवरच विचारा, बसतात, नाहीतर थोडेच वर टाकावे लागतात. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं सांगितलेला ३-२-१ चा हिशोब आहे, ३ कॉप्या, २ वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, १ घराबाहेर. आपल्याला ३ नाही जमत तर २ तरी. दोन्ही एकाच दिवशी एकाच दुकानातून एकाच खोक्यातल्या घेऊ नका, एकाच वेळी बनलेल्या सोबतच आजारी पडू शकतात.

अन् दोन्ही एकाच वेळी कॉम्प्युटरला लावून ठेवू नका. वीज पडली, व्हायरस आला, पोरानं चहा सांडला, तर दोन्ही जातात, मग दुसरी घेतली कशाला.

कार्ड मात्र दोन्ही डिस्कवर फाइली उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही. हे मी आता स्टुडिओवाल्याच्या काउंटरवर मार्करनं लिहून ठेवलं आहे.

दुसरी ठेवू कुठं?

दुसऱ्या घरी. माझी बहिणीकडं आहे, दारव्ह्याला, तिच्या तांदळाच्या कोठीच्या वरच्या फळीवर स्टीलच्या डब्ब्यात, सोबत बुटाच्या खोक्यातून काढलेल्या त्या सिलिकाच्या दोन पुड्या, डब्ब्यावर चिठ्ठी: "फराळाचा नाही". दिवाळीला अन् अक्षय तृतीयेला जातो तेव्हा नवीन भरून ठेवतो अन् जुनी घेऊन येतो. मागच्या वेळी भाच्यानं डब्बा उघडून पाहिला होता, चिवडा असेल म्हणून.